निर्मनुष्य रस्त्याचा इतिहास

अमेरिकेतील टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांच्या सीमेवर, ग्रेट स्मोकी पर्वताच्या नैर्ऋत्य टोकाला डील्स गॅप नावाची खिंड आहे. तेथून टेनेसीकडे जाणाऱ्या यू.एस. १२९ या महामार्गाचा सुमारे अकरा मैलांचा तुकडा मोटारसायकलस्वारांमध्ये 'टेल ऑफ द ड्रॅगन', म्हणजे ड्रॅगनचे शेपूट, या नावाने प्रसिद्ध आहे. एवढ्या अंतरात ३१८ वळणे आहेत, अशी गणना रूढ झाली आहे. देशोदेशीचे स्वार हा रस्ता अनुभवण्यासाठी येतात. पडलेल्यांच्या गाड्यांचे मोडके भाग खिंडीजवळच्या एका झाडाला टांगलेले दिसतात.

या रस्त्याची थोरवी सांगताना स्वार दोन गोष्टी आवर्जून सांगतात. पहिली अर्थातच वळणांची. दुसरी अशी की रस्त्याच्या कडेला घर नाही, शेत नाही, मोठा छेदरस्ता नाही. समोरून अचानक बैल, मूल किंवा ट्रॅक्टर येण्याची धास्ती नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने रेंगाळावे ते या दुसऱ्या गोष्टीपाशी. वळणे डोंगराने दिली, हे उघड आहे. निर्मनुष्यता कोणी दिली?

लिटल टेनेसी नदीचे हे खोरे चेरोकी लोकांचे. 'टेनेसी' हे राज्याचे नावच मुळी टानासी या चेरोकी गावावरून आले. चेरोकी भाषेसाठी स्वतंत्र लिपी घडवणारा सीक्वोया याच खोऱ्यात जन्मला. १८२१ च्या सुमारास त्याची लिपी पूर्ण झाली आणि १८२८ मध्ये 'चेरोकी फीनिक्स' हे वृत्तपत्र निघाले. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ चे, हे लक्षात घेतले म्हणजे 'रानटी जमात' या विशेषणाचा फोलपणा वेगळा सांगावा लागत नाही. परंतु १८३० मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी आदिवासींच्या स्थलांतराच्या कायद्यावर सही केली आणि १८३८ मध्ये सैन्याने चेरोकींना घरांतून बाहेर काढून मिसिसिपीपलीकडे हाकलले. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजार माणसे या हद्दपारीत दगावली, असा अंदाज दिला जातो.

याच महामार्गावर दक्षिणेकडे रॉबिन्सव्हिल हे गाव लागते. तेथे जुनालुस्का या चेरोकी योद्ध्याची समाधी आहे. १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडच्या, म्हणजे नदीच्या नालेसारख्या वळणावर झालेल्या लढाईत तो जॅक्सनच्या बाजूने लढला होता; जॅक्सनचा जीव त्यानेच वाचवला, अशी आख्यायिका आहे. पुढे त्याच जॅक्सनच्या धोरणामुळे तो हद्दपार झाला. तो परत आला, आणि १८४७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने त्याला नागरिकत्व व जमीन दिली. स्वतःच्याच भूमीत जमिनीचा तुकडा बक्षीस म्हणून स्वीकारावा लागणे, याहून कडवट उपरोध कादंबरीकारालाही सुचणे कठीण.

दुसरे रिकामेपण विसाव्या शतकातले. ॲल्युमिनियमच्या कारखान्यासाठी वीज हवी म्हणून कंपनीने नदीवर १९१९ मध्ये चिओआ आणि १९३० मध्ये कॅल्डरवुड ही धरणे पुरी केली. १९३४ मध्ये ग्रेट स्मोकी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्यासाठी गोऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनी विकत घेतल्या गेल्या, काही कज्जे न्यायालयात गेले. या उद्यानातील केड्स कोव्ह हे गाव उठवल्यावर तेथील अलीकडची घरे पाडली आणि जुनी ओंडक्यांची घरे तेवढी जपली. येथे केवळ आदिम साधेपणा नांदत होता, असे पाहणाऱ्यास वाटावे अशी ती मांडणी. संहितेचे संपादन आपल्या परिचयाचे असते; येथे गावाचेच संपादन झाले.

मग महायुद्धाच्या धामधुमीत फोंटाना धरण उभे राहिले. जलाशयाखाली जुना रस्ता गेला आणि उत्तर काठावरची कुटुंबे उठली. मागे राहिलेल्या दफनभूमींपर्यंत जाण्यासाठी नवा रस्ता बांधून देऊ, असे १९४३ च्या करारात सरकारने मान्य केले होते. सहा-सात मैल रस्ता आणि एक बोगदा झाला. काम तेथेच थांबले. लोक त्याला 'कुठेही न जाणारा रस्ता' म्हणतात. अखेर २०१० मध्ये रस्त्याऐवजी पाच कोटी वीस लाख डॉलर भरपाई ठरली. पूर्वजांच्या थडग्यांवर फुले वाहायला वंशज नावेतून जातात. डील्स गॅपहून हे धरण फार दूर नाही. एका रस्त्यावर लोक जगभरातून केवळ वळणांसाठी येतात. दुसरा, ज्यांना त्याची खरी गरज होती त्यांच्यासाठी, पुरा झालाच नाही.

हे परक्यांचे म्हणून बाजूला ठेवण्याचे आपल्याला कारण नाही. पुण्याहून ताम्हिणी घाटात जाणारे मोटारसायकलस्वार पावसाळ्यात ज्या मुळशीच्या पाण्याकडे पाहत थांबतात, त्याखाली मावळ्यांची भातखाचरे आहेत. मुंबईच्या विजेसाठी टाटांच्या कंपनीने बांधलेल्या त्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट त्यातून 'सेनापती' झाले. चिओआ आणि मुळशी ही धरणे जवळपास एकाच दशकातली.

जेम्स मूनी यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या चेरोकी कथासंग्रहात उक्टेना नावाचा महासर्प भेटतो. त्याला शिंगे असतात आणि कपाळावर तेजस्वी मणी. नागमणी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला तो ओळखीचा वाटेल. ज्या डोंगरांना स्वतःचा सर्प होता, तेथील रस्त्याला युरोपीय कथांतला ड्रॅगन चिकटला. माणसे गेली की त्यांच्या गोष्टीही नावांमधून जातात.

वळणावर झुकून गाडी काढण्याच्या आनंदात दोष काढावा, असे येथे सुचवायचे नाही. मात्र निसर्गवर्णन वाचताना आणि शिकवताना 'निर्मनुष्य' हा शब्द आपण फार सहज वापरतो. ते निसर्गाचे विशेषण क्वचितच असते. बहुधा तो एखाद्या घटनेचा परिणाम असतो, आणि त्या घटनेला तारीख असते. ती शोधणे हे वाचकाचे काम आहे.