केप्लरचे विश्वसंगीत आणि न केलेली सही

'हार्मनी' या शब्दाला मराठीत एक नेमका प्रतिशब्द नाही. संगीताविषयी बोलताना आपण 'स्वरमेळ' म्हणतो, माणसांविषयी 'सलोखा', निसर्गाविषयी 'समतोल', आणि व्यासपीठावरून सगळ्यांना पुरेल असा शब्द हवा असला की 'सुसंवाद'. ही काही आपल्या भाषेची उणीव मानण्याचे कारण नाही. एकच शब्द तिन्ही ठिकाणी चालला म्हणजे तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट आहे असा भास होतो, आणि युरोपीय विचारात हा भास फार काळ टिकला. मूळ ग्रीक शब्द मात्र सुताराच्या हातातला आहे. 'ओडिसी'त नायक तराफा बांधतो तेव्हा लाकडे एकमेकांत बसवणाऱ्या सांध्यांना 'हार्मोनिया' म्हटले आहे. दोन वेगळी लाकडे वेगळीच राहून समुद्राच्या माऱ्यात एकत्र टिकतील, असा सांधा.

हा जुना अर्थ मनात ठेवला तर योहानेस केप्लर या खगोलवेत्त्याचा 1619 साली प्रसिद्ध झालेला 'हार्मोनिसेस मुंडी', म्हणजे 'विश्वाचा सुसंवाद', हा ग्रंथ निराळा दिसू लागतो. विज्ञानाच्या इतिहासात तो ओळखला जातो एका नियमासाठी. ग्रहाच्या प्रदक्षिणाकालाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो, हा तो तिसरा नियम. शनी पृथ्वीच्या सुमारे साडेनऊ पट दूर आहे आणि त्याला एका फेरीस साडेएकोणतीस वर्षे लागतात; घन आणि वर्ग करून पाहिले की दोन्ही संख्या जवळपास जुळतात. गंमत अशी की, ज्या नियमामुळे हे पुस्तक अजरामर झाले तो पाचव्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात तेरा विधानांपैकी आठवे विधान म्हणून येतो आणि केप्लर पुढे चालू लागतो. त्याला गाठायचे होते ते ग्रहांचे संगीत.

हे पुस्तक कोणत्या दिवसांत लिहिले गेले ते पाहण्यासारखे आहे. केप्लर तेव्हा ऑस्ट्रियातील लिंझ येथे होता. 1617 च्या शरदापासून 1618 च्या फेब्रुवारीपर्यंतच्या काही महिन्यांत त्याच्या दोन लहान मुली गेल्या. ग्रहगणिताच्या कोष्टकांचे रुक्ष काम हातून होईना, म्हणून त्याने ते बाजूला ठेवले आणि जुन्या, लाडक्या विषयाकडे वळला. 8 मार्च 1618 रोजी तिसऱ्या नियमाची कल्पना सुचली. आकडेमोडीत चूक झाल्याने त्याने ती टाकून दिली. 15 मे रोजी ती परत आली आणि या वेळी टिकली. त्यानंतर आठच दिवसांनी प्रागमध्ये सम्राटाच्या प्रतिनिधींना राजवाड्याच्या खिडकीतून बाहेर फेकण्यात आले, आणि मध्य युरोपला उद्ध्वस्त करणारे तीस वर्षांचे युद्ध सुरू झाले. 27 मे रोजी केप्लरने ग्रंथ पुरा केला.

तिकडे वुर्टेंबर्गमध्ये त्याची आई कॅथरिना हिच्यावर 1615 पासून चेटकीण असल्याचा आरोप होता. शेजारच्या एका बाईशी झालेले भांडण, कधीकाळी दिलेले एक कडू पेय आणि त्यावरून उठलेले आजारपण, एवढ्यावरून प्रकरण पेटले. 1620 च्या ऑगस्टमध्ये तिला अटक झाली. सत्तरी ओलांडलेली ती बाई चौदा महिने साखळदंडात होती. केप्लर स्वतः तिकडे गेला आणि बचावाचे काम त्याने अंगावर घेतले. त्याची पद्धत खगोलशास्त्रातलीच होती: प्रत्येक आरोप सुटा करायचा, साक्षींतल्या तारखा आणि विसंगती तपासायच्या, आजारामागचे साधे कारण दाखवायचे. शेवटी यातनांची हत्यारे समोर मांडून तिला धमकावण्यात आले, तरी तिने काहीही कबूल केले नाही. 1621 च्या ऑक्टोबरात ती सुटली आणि पुढच्या एप्रिलमध्ये वारली.

अशा माणसाने विश्वाच्या सुसंवादावर लिहावे याचा अर्थ लावणे सोपे वाटते: दुःखी माणसाने आकाशात आसरा शोधला. मला हा अर्थ अपुरा वाटतो. आसरा शोधणारा माणूस हिशेब तपासत बसत नाही. याच केप्लरने पूर्वी मंगळाच्या कक्षेवर वर्षानुवर्षे काम केले होते, आणि बांधलेली रचना टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी आठ कला एवढ्याच फरकाने जुळेना, तेव्हा ती मोडून टाकली होती. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या चौथ्या हिश्शाएवढा कोन. त्या फरकाकडे दुर्लक्ष केले असते तर दोन हजार वर्षे पूजलेले वर्तुळ शाबूत राहिले असते. त्याने वर्तुळ सोडले आणि 1609 साली लंबवर्तुळ स्वीकारले. सुसंवादाची इतकी ओढ असलेल्या माणसाने सर्वांत सुंदर आकृती हातची जाऊ दिली, ही बाब त्याच्या चाहत्यांनीही पुरेशी लक्षात घेतलेली नाही असे वाटते.

आणि लंबवर्तुळामुळेच त्याला संगीत सापडले. वर्तुळात सारख्या गतीने फिरणारा ग्रह एकच सूर धरून राहिला असता. लंबवर्तुळात ग्रह सूर्याजवळ वेगाने, दूर असताना सावकाश जातो. सूर्यावरून पाहिले तर या दोन टोकांच्या कोनीय गतींचे गुणोत्तर काय, हे केप्लरने प्रत्येक ग्रहासाठी काढले. आपल्या परिभाषेत सांगायचे तर शनीचे 4:5, म्हणजे षड्ज ते शुद्ध गंधार. गुरूचे 5:6, षड्ज ते कोमल गंधार. मंगळाचे 2:3, षड्ज-पंचम. बुधाचा आवाका सप्तकाहून मोठा, शुक्राचा जवळजवळ एकाच सुरावर स्थिर. पृथ्वीच्या वाट्याला 15:16, म्हणजे शुद्ध गंधार ते शुद्ध मध्यम एवढेच अंतर. युरोपीय स्वरनामांत ते मी-फा-मी होते, आणि त्यावर केप्लरने एक कडवट कोटी केली आहे: या दोन अक्षरांनी सुरू होणारे लॅटिन शब्द घेतले तर पृथ्वी 'दैन्य' आणि 'भूक' हेच गात असते. युद्ध दाराशी आलेल्या माणसाची ही कोटी आहे.

हे संगीत कानाला ऐकू येत नाही, ते बुद्धीने जाणायचे, हे त्याने स्पष्ट केले आहे. पण त्याची रचना मात्र त्याच्या काळातल्या बहुस्वरी गायनाची आहे. शनी आणि गुरू खर्जात, मंगळ त्यांच्या वर, मग पृथ्वी व शुक्र, आणि सर्वांत वर बुध. सहाही आवाज एकाच वेळी पूर्ण जुळावेत असा क्षण फारच दुर्मिळ; कदाचित सृष्टीच्या आरंभी एकदाच आला असावा, असा त्याचा तर्क होता. उरलेला सगळा काळ ग्रह विसंवादातून वाट काढत चाललेले असतात. केप्लरच्या विश्वात पूर्ण मेळ ही नित्याची अवस्था नाही, आणि त्यामुळे त्याचे विश्व बिघडलेले ठरत नाही.

इथे त्याच्या आयुष्यातला एक विलक्षण योगायोग सांगितला पाहिजे. लुथरपंथीय धर्मपंडितांनी 1577 मध्ये आपसांतले वाद मिटवण्यासाठी एक मसुदा तयार केला होता. त्याचे नाव 'फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड'. मराठीत 'मतैक्याचे सूत्र' म्हणता येईल. केप्लर निष्ठावान लुथरपंथीय. कॅथलिक होण्यास नकार दिल्यामुळे 1600 साली त्याला ग्राझ शहर सोडावे लागले होते. पण या सूत्रातले ख्रिस्तदेहाच्या सर्वव्यापित्वाचे कलम आणि कॅल्व्हिनपंथीयांचा केलेला धिक्कार त्याला पटत नव्हता, म्हणून बिनशर्त सही करणे त्याने नाकारले. 1612 मध्ये लिंझच्या धर्मोपदेशकाने त्याला पवित्र भोजनविधीतून वगळले. त्याने वरिष्ठांकडे दाद मागितली, ट्यूबिंगेनमधील आपल्या जुन्या गुरूला, हाफेनरेफरला, पत्रे लिहिली. 1619 च्या उन्हाळ्यात अखेरचे उत्तर आले: बहिष्कार कायम. म्हणजे ज्या वर्षी विश्वाच्या सुसंवादाचा ग्रंथ छापला गेला, त्याच वर्षी मतैक्याच्या कागदावर सही न केल्याबद्दल त्याचा कर्ता आपल्याच मंडळीतून कायमचा बाहेर राहिला.

मतैक्य आणि सुसंवाद यांतला फरक त्याच्याइतका महागात कोणी शिकला असेल असे वाटत नाही. मतैक्यात सर्वांनी एकच सूर लावायचा असतो. केप्लरच्या आकाशात तसे झाले असते तर गुणोत्तरच उरले नसते.

आपल्याकडे हा फरक परिभाषेतच मुरलेला आहे. 'नाट्यशास्त्रा'त स्वरांचे वादी, संवादी, अनुवादी आणि विवादी असे नाते सांगितले आहे, आणि नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावरचे स्वर परस्परांचे संवादी मानले आहेत. षड्ज आणि पंचम संवादी आहेत ते दोघांत अंतर आहे म्हणून. विवादी स्वरालाही यादीतून हाकललेले नाही; जाणता गवई तो नेमक्या जागी, निसटता लावून रागाची शोभा वाढवतो. हे स्वर एकाच वेळी वाजावे लागत नाहीत. एक गेल्यावर दुसरा येतो आणि नाते ऐकणाऱ्याच्या मनात जुळते. केप्लरला हे पटले असते का, शंका आहे. एकस्वरी प्राचीन संगीताला तो बहुस्वरीपेक्षा कमी लेखत असे, आणि प्रागमध्ये एका तुर्की धर्मगुरूचे पठण ऐकून ते निसर्गाच्या विरुद्ध आहे असा शेराही त्याने मारला आहे. आठ कलांचा फरक सहन न करणारा माणूस परक्या श्रुतींबाबत मात्र फार घाईने निकाल देतो.

त्याच्या ग्रहसंगीताचे पुढे काय झाले? कक्षांची अंतरे पाच नियमित घनाकृतींनी ठरतात ही त्याची कल्पना टिकली नाही. 1781 मध्ये युरेनस सापडल्यावर सहाच ग्रह असण्याची गरजही संपली. तिसऱ्या नियमाचे कारण न्यूटनने 1687 मध्ये गुरुत्वाकर्षणात दाखवले. साधी गुणोत्तरे आकाशात आहेत, पण त्यांचे वागणे एकसारखे नाही. गुरूचे आयो, युरोपा आणि गॅनिमीड हे चंद्र 1:2:4 अशा प्रदक्षिणाकालांनी एकमेकांना बांधलेले आहेत. उलट मंगळ व गुरू यांच्यामधील लघुग्रहांच्या पट्ट्यात, ज्या अंतरावर प्रदक्षिणाकाल गुरूच्या बरोबर एकतृतीयांश पडेल तिथे जवळजवळ मोकळी जागा आहे. त्या साध्या प्रमाणामुळेच गुरूचे धक्के साचत जातात आणि दगड कक्षेतून उडवले जातात. डॅनियल कर्कवुडने 1860 च्या दशकात या पोकळ्या दाखवून दिल्या. एकच गणित एका ठिकाणी सांधते, दुसऱ्या ठिकाणी उधळते. निसर्गाला 'समतोल' म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावे.

केप्लर 1630 च्या नोव्हेंबरमध्ये रेगेन्सबर्गला वारला. राजदरबाराकडे थकलेले वेतन मिळते का, हे पाहायला तो तिथे गेला होता. त्याचे दफनस्थान पुढे युद्धात नष्ट झाले. 1977 साली व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचे ध्वनी नोंदवलेली सोनेरी तबकडी पाठवली गेली. त्यातल्या ध्वनींच्या मालिकेचा आरंभ लॉरी स्पीगेल यांनी संगणकावर सिद्ध केलेल्या केप्लरच्या ग्रहसंगीताने होतो. त्याच तबकडीवर गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांची 'जात कहां हो' ही भैरवी आहे. व्हॉयेजर-1 ने 5 सप्टेंबर रोजी पृथ्वी सोडली. केसरबाई त्याच महिन्याच्या 16 तारखेला मुंबईत वारल्या.