एक वायफाय आणि बारभाईंचा कारभार

हेडफोन लावा, आज जरा इतिहास. पण सुरुवात सदाशिव पेठेतल्या माझ्या रूमवरून.

सकाळी दहाला ऑनलाइन मुलाखत. जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स. चालू केला तर स्क्रीनवर एकच ओळ: नेटवर्कची वाट बघतोय. तब्बल दोन मिनिटं! मग वायफाय आलं, गेलं, परत आलं. मुलाखत शेवटी मोबाईलवरूनच दिली. चूक माझीच. आदल्या रात्री एक व्हिडिओ बघून नेटवर्कचं दुसरं टूल चालू केलं होतं, पहिलं बंद न करता.

आता ही दोन टूल्स आली कुठून?

१९९१ मध्ये लिनक्स आलं. त्याच वर्षी आपल्या पुण्यात सी-डॅकनं 'परम ८०००' उभा केला. तेव्हाचं मशीन टेबलावर, केबल एकच. सुरू होताना एक स्क्रिप्ट फाईल वाचायची, पत्ता द्यायची, संपलं काम. मग लॅपटॉप फिरायला लागले. घरचं वायफाय वेगळं, कॉलेजचं वेगळं. म्हणून २००४ मध्ये रेड हॅटनं नेटवर्क-मॅनेजर आणला. २०१० मध्ये सिस्टिमडी आलं. त्यानं बऱ्याच सेवा एकदम सुरू करायची पद्धत रुळवली. २०१४ च्या सुमारास त्याचंच नेटवर्कडी आलं, मुख्यतः सर्व्हरसाठी. २०१७ मध्ये उबुंटूनं नेटप्लॅन दिलं. ते स्वतः काम करत नाही, या दोघांपैकी एकाला हुकूम लिहून देतं.

जुनं कुणी पटकन गेलं नाही, नवीन येत राहिलं. दोघं एकाच वायफायला पत्ता देतात, एकमेकांचे रस्ते पुसतात. माझी दोन मिनिटं तर केबलच नसलेल्या पोर्टची वाट बघण्यात गेली!

पुणेकरांना हे नवीन नाही. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि कारभार बारभाईंच्या हाती आला. 'बारभाईंचा कारभार' हा शब्दप्रयोग तिथलाच. पुढे सूत्रं नाना फडणीसांकडे एकवटली.

उपायही तोच: कारभारी एकच ठेवा. आधी कोणत्या सेवा चालू आहेत ते बघा. लॅपटॉपवर शक्यतो नेटवर्क-मॅनेजर ठेवा. दुसरं टूल बंद करा, आणि त्याची ती 'वाट बघणारी' सेवासुद्धा. मग रीस्टार्ट. फक्त हे दूरच्या सर्व्हरवर बसल्या जागेवरून करू नका, नाहीतर आत जायचा रस्ताच बंद.

आणि हो, मुलाखतीच्या आदल्या रात्री तर अजिबात नको! भेटू पुढच्या भागात.