होले का भांडतात?

होला म्हणजे गरीब, शांत पक्षी, असं आपण धरूनच चालतो. कोनराड लोरेन्झही तसंच समजला. संकर करायचा म्हणून त्याने दोन जातींचे नर-मादी एका पिंजऱ्यात ठेवले आणि तो व्हिएन्नाला गेला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर एकाची डोक्यापासून पाठीपर्यंत पिसं उपटलेली, कातडी सोललेली आणि दुसरा अजून टोचतोच आहे! 1949 च्या पुस्तकामुळे हा किस्सा गाजला.

आता जरा मागे, 1921 मध्ये चला. वॉलेस क्रेगने होले पाळून ‘प्राणी का भांडतात?’ हा निबंध लिहिला. (शिकवायचा तत्त्वज्ञान, बरं का.) त्याचं म्हणणं असं: भूक लागते तशी भांडणाची भूक होल्याला लागत नाही. लुडबुड करणारा निघून गेला की त्याचं काम झालं.

पण पिंजऱ्यात हरलेल्याने जायचं कुठे? तो समोरच राहतो, म्हणून हुसकावणं थांबत नाही. विणीच्या काळात प्रत्येक जोडीला स्वतंत्र पिंजरा द्यावा लागतो तो यासाठीच. पळायला जागा नव्हती, हे लोरेन्झनेही नोंदवलंय.

तरी 1963 च्या पुस्तकात तो म्हणतो की आक्रमकता आतून साठत जाते. गंमत बघा, तिथे तो दाखला देतो क्रेगच्याच होल्यांचा. फक्त तो प्रयोग भांडणाचा नाही, एकट्या ठेवलेल्या नराच्या प्रणयाचा आहे.