या कानाचं त्या कानाला

‘या कानाची गोष्ट त्या कानाला कळू देऊ नकोस,’ असं गुपित सांगताना आपल्याकडे बजावतात. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा बजावलं, त्यानं स्वतःच्या डोक्यातलं बांधकाम काही पाहिलेलं नसावं. दोन कानांच्या मधे कवटी एकच, आणि कवटी म्हणजे आमच्या घाटकोपरच्या चाळीतली सामाईक भिंत. एका खोलीत खलबत्त्यात वेलची कुटली, की शेजारच्या खोलीला चहाची वर्दी जायची.

हवेतून येणारा आवाज त्या मानानं सभ्य. एका कानाला इअरफोन लावून आवाज दिला, तर पलीकडच्या कानापर्यंत जाताना त्यातले निदान चाळीसेक डेसिबल वाटेत गळतात. पण तेच कंपन कानामागच्या हाडावर टेकवलं, की अख्खी कवटीच थरथरते. आत दोन्ही बाजूंना गोगलगायीच्या शंखासारखे जे खरे कान दडलेले असतात, ते जवळजवळ सारखेच ऐकतात. गळती शून्य ते दहा डेसिबल, म्हणजे नसल्यातच जमा. खात्री करायची असेल तर बोरिवली लोकलमध्ये खिडकीच्या चौकटीला डोकं टेकवून पाहा (खिडकी मिळण्याची जबाबदारी आमची नाही). चौकट टेकलेली असते डाव्या बाजूला, घरघर मात्र उजवीकडेही तितकीच.

या गोष्टीचा पहिला लेखी बोभाटा ज्यांनी केला त्यांत इटलीतला जेरोलामो कार्दानो येतो. साल १५५०. वैद्यक, गणित, ज्योतिष आणि जुगार ही चारही खाती हा गृहस्थ एकटाच सांभाळायचा. भाल्याची काठी दातांत धरली तर तिच्यावाटेही आवाज ऐकू येतो, असं त्यानं लिहून ठेवलं. भाला दातांत धरण्याची वेळ त्याच्यावर का आली असेल, हा विचार मला अनेकदा छळतो.

मग जवळजवळ तीनशे वर्षांनी लाइपझिगचे प्राध्यापक वेबर आले. त्यांनी १८३४ साली नादकाट्याचे प्रयोग केले. नादकाटा वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवला आणि एक कान बोटानं बंद केला, तर आवाज कुठं मोठा होतो? उघड्या कानात नव्हे, बंद कानात! वाचकहो, नादकाटा घरात नसेल तर तोंड मिटून नुसतं ‘हंऽऽ’ करा आणि एका कानात बोट घाला. आधी शेजारी कुणी नाही एवढं पाहून घ्या. हाडातून आलेल्या कंपनांपैकी जाडा सूर एरवी कानाच्या नळीतून बाहेर निसटत असतो. दार लावलं की तो आतच कोंडतो, एवढंच. पोवाड्यातले झीलकरी एका कानावर हात ठेवून सूर लावतात तो काही उगीच नाही. आपण कानावर हात ठेवतो ते ‘मला काही ठाऊक नाही’ हे सांगायला, आणि झीलकऱ्याला हात ठेवल्याशिवाय स्वतःचा सूर नीट ठाऊक होत नाही.

हा सगळा गंमतीचा भाग झाला. पण याच चुगलखोर कवटीपायी आमच्या मुलुंडच्या मामांचं डोकं एकदा ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जाऊन आलं.

लहानपणी गालगुंड झालं आणि मामांचा उजवा कान कायमचा गेला. सभेत, पंगतीत, लोकलमध्ये ते नेहमी उजव्या टोकाची जागा धरायचे, म्हणजे सगळं जग डावीकडे. मामी मात्र लग्नात डाव्या बाजूला बसल्या होत्या तेवढ्याच. पुढचा संसार त्यांनी उजवीकडून केला. “मला सोयीचं पडतं. मनातलं बोलून टाकलं की हलकं वाटतं आणि भांडण होत नाही,” असं त्या म्हणायच्या.

१९८६ साली कुणाच्या तरी आग्रहानं मामांनी कान तपासून घेतले. तिथल्या तज्ज्ञानं आलेख काढला आणि जाहीर केलं, की उजव्या कानाला हवेतून कमी येतं, पण हाडावाटे अगदी डाव्यासारखं येतंय. म्हणजे नस शाबूत आहे, मधला अडथळा ऑपरेशननं काढला की झालं. घरात पेढे आले. मामींनी उजवीकडून बोलणं एकदम बंद केलं.

तारीख ठरली, पण दुसरं मत घ्यावं म्हणून मामा दुसरीकडे गेले. तिथल्या तरुण मुलीनं जुना आलेख पाहिला आणि एकच विचारलं, “आजोबा, तपासताना तुमच्या डाव्या कानात खरखर सोडली होती का?” मामांचं वय तेव्हा सेहेचाळीस. ‘आजोबा’ त्यांनी मुद्दाम डाव्या कानानं ऐकलं नाही. खरखर सोडलेली नव्हती.

ही खरखर फार महत्त्वाची. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानीनं १९०८ साली त्यासाठी किल्लीचं एक यंत्रच काढलं होतं. चांगल्या कानात ते घरघरत ठेवायचं, तो तिकडे गुंतला की मग दुसऱ्याची परीक्षा घ्यायची. (याच बारानीला पुढे १९१४ चं नोबेल मिळालं, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागावरच्या कामाबद्दल. बातमी पोचली तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता.) आता हेच काम यंत्रातला गोंगाट करतो. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली अली यावर जंग यांच्या नावानं श्रवणदोषांसाठी राष्ट्रीय संस्था निघाली, तिथं ही विद्या रीतसर शिकवतात. जंगसाहेब महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्यांचंच नाव वांद्रे पूर्वेला हायवेलाही आहे. चांगल्या कानात गोंगाट सोडायची व्यवस्था तिथं चोवीस तास चालू असते, ती वेगळी.

मुलीनं मामांच्या डाव्या कानात खरखर सोडली आणि उजव्या बाजूच्या हाडावर पुन्हा कंपन टेकवलं. मामा शांत बसून राहिले. तिनं आवाज वाढवला. मामा शांत. उजव्याचा सगळा आलेख पुसला गेला. इतका वेळ ऐकत होता तो डावाच. ऑपरेशन झालं असतं तर एका मेलेल्या कानावर झालं असतं.

घरी येईपर्यंत मामा काही बोलले नाहीत. मग हात धुताना म्हणाले, “उजवा शेजाऱ्याचं बघून पेपर लिहीत होता इतका वेळ.” पेढ्यांचा उरलेला डबा मामींनी शेजारी देऊन टाकला.

गंमत अशी, की पुढे हीच चुगली डॉक्टरांनी कामाला लावली. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९७७ साली कानामागच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर श्रवणयंत्र अडकवायला सुरुवात झाली. २००२ साली अमेरिकेत ते एका कानानं बहिऱ्या असलेल्यांनाही द्यायला मान्यता मिळाली. यंत्र बसवायचं बहिऱ्या बाजूला, ऐकायचं त्या बाजूचं, आणि कवटीच्या भिंतीतून ते पोचवायचं चांगल्या कानाला.

मामांनी साठी उलटल्यावर ते एकदा पाहिलं. स्क्रूच्या आधी नुसतं पट्ट्यानं डोक्याला बांधून देतात. “स्क्रू ढिला आहे असं लोक म्हणतातच, आता घट्ट होईल,” असं म्हणत मामा पट्टा लावून खुर्चीत बसले. मामी सवयीनं उजवीकडे होत्या. त्या अगदी हळू म्हणाल्या, “कसा ध्यान दिसतोय.”

मामांना ते लख्ख ऐकू आलं. पण ऐकलं होतं डाव्यानं. त्यामुळे ते गर्रकन डावीकडे वळले आणि तिथं उभ्या असलेल्या टेक्निशियनला म्हणाले, “अहो, जरा जपून बोला.”