हाताची घडी, तोंडावर बोट

हाताची घडी, तोंडावर बोट! हे शब्द कानावर न पडता कुणी मराठी शाळेतून बाहेर पडलं असेल, असं मला वाटत नाही. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या हसनाबादेत मी लहानाचा मोठा झालो, तेव्हा शांतता म्हणजे शिक्षा हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बोट ओठांवर आणि डोळे छडीवर.

घरात मात्र वेगळी शांतता होती. पहाटेची नमाज झाली की दादी मान खाली घालून बराच वेळ तशीच बसून राही. याला ती ‘मुराकबा’ म्हणे. या अरबी शब्दाच्या मुळाशी नजर ठेवणं, राखण करणं असा अर्थ आहे. बगदादचे सूफी अबुल हुसैन नूरी यांची एक गोष्ट ती सांगायची. इतकं निश्चल बसायला कुणाकडून शिकलात, असं कुणी विचारलं तेव्हा नूरींनी उंदराच्या बिळाशी टपलेल्या मांजरीचं नाव घेतलं. मला ही गोष्ट फार आवडे. कारण मुंग्यांच्या वारुळाशी मीही असाच बसे, आणि रिकामटेकडा म्हणून बोलणी खाई.

या दोन शांततांमधला फरक बालशिक्षणात डॉ. मारिया माँटेसरींनी ओळखला. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह सुरू केलं. एकदा अंगणात एक बाई चार महिन्यांचं तान्हं बाळ घेऊन उभी होती. माँटेसरींनी ते बाळ वर्गात आणलं आणि गमतीनं म्हटलं, की याच्याइतकं शांत तुम्हाला काही बसता येणार नाही. मुलं खरोखरच श्वास रोखून बसली. एरवी कुणाच्या ध्यानात न येणारी घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. मग शेजारच्या खोलीतून बाईंनी एकेकाचं नाव हलक्या आवाजात घेतलं, आणि एकेक मूल पाय न वाजवता येत गेलं. येणाऱ्याला द्यायला त्यांनी मिठाई आणली होती. मुलांनी ती घेतली नाही. मला या साऱ्या हकिकतीत ती नाकारलेली मिठाईच मोठी वाटते. इथे छडीचं भय नव्हतं आणि खाऊचा लोभही उरला नव्हता. पुढे हाच ‘शांततेचा खेळ’ जगभरच्या बालवर्गांत गेला.

माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या. त्याआधीच ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांच्या पद्धतीवर काम करत होत्या. पण माँटेसरीची साधनं महागडी, शाळा शहरातल्या सुखवस्तू घरांसाठी. ताराबाईंनी १९४५ मध्ये अनुताई वाघांना बरोबर घेऊन बोर्डीत काम मांडलं. महागड्या साधनांच्या जागी बिया, खडे, शिंपले आले. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. सरकारी योजनेत हे नाव १९७५ नंतर देशभर पोचलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा झाली. अंगणवाडी सगळ्यांना माहीत आहे, कुरणशाळेचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. मला तीच अधिक जवळची वाटते. दिवसभर गुरांवर नजर ठेवणाऱ्या पोराला मुराकबा वेगळा काय शिकवायचा? त्याचं ते राखणं न मोडता त्याला अक्षरं द्यायची होती.

परवा माझी चार वर्षांची नात बालवाडीतून आली. बाहुल्या ओळीत मांडून त्यांना दरडावू लागली, ‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ मी तिला उचललं आणि परसातलं वारूळ दाखवायला नेलं. ती उकिडवी बसली, बघता बघता गप्प झाली. एक मुंगी आपल्याहून मोठा दाणा ओढत होती. तो दाणा अर्ध्या वाटेवर असतानाच आतून हाक आली, तिच्या शिकवणीची वेळ झाली होती.