प्रवाशाचें ओझें

इंग्लंडांत आगगाड्या नुकत्या सुरू झाल्या होत्या तेव्हां पुष्कळ कंपन्या गरीब उतारूंची ने-आण उघड्या डब्यांतून करीत असत. बसावयास बाक नाहीं, डोक्यावर छप्पर नाहीं, आणि पाऊस आला तर उतारूंनीं भिजावें, असा तो कारभार होता. त्यास आळा घालण्यासाठीं पार्लमेंटनें इ. स. १८४४ मध्यें एक कायदा केला. तो घडवून आणण्यांत ग्लॅडस्टनसाहेबांचा वाटा मोठा होता. त्या कायद्यान्वयें नव्या रेल्वे कंपन्यांस रोज निदान एक तरी गाडी अशी सोडणें भाग पडलें कीं, जिचा वेग थांबे धरून ताशीं बारा मैलांहून कमी नसेल, जिचे डबे पावसापाण्यापासून सुरक्षित असतील, आणि जिचें भाडें मैलास एक पेनीहून अधिक असणार नाहीं. इतिहासाच्या पुस्तकांतून येथवरची हकीकत बहुधा येते. परंतु त्याच कायद्यांत आणखी एक अट होती. प्रत्येक उतारूस अर्धा हंड्रेडवेट, म्हणजे ५६ पौंड सामान, वेगळें भाडें न देतां बरोबर नेतां यावें. मात्र तें विक्रीचा माल नसावें.

५६ पौंड म्हणजे सुमारें २५ किलो. कामाच्या शोधार्थ गांव सोडून निघालेल्या मजुराचें अंथरूण, दोन कपडे, हत्यारांची पिशवी आणि एखादें भांडें एवढ्या वजनांत सहज मावतें. कायदा करणारांनीं जी गोष्ट ओळखली ती ही कीं, मजुरास एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पोंचविलें आणि त्याचें बोचकें मात्र मागें राहिलें, तर त्यास पोंचविलें असें म्हणतां येणार नाहीं. माणूस आणि त्याचें गरजेपुरतें सामान मिळून एक प्रवासी होतो. विमानाच्या तिकिटाबरोबर सामानाचें निराळें शुल्क कां द्यावें लागतें, या विषयीं आज जी कुरकुर ऐकूं येते, तिच्या मुळाशीं ही जुनी समजूत आहे.

हिंदुस्थानांतही रेल्वे आली तशी ही चाल आली. पण ती वर्गवारीच्या वळणानें आली. भारतीय रेल्वेवर वातानुकूलित पहिल्या वर्गाच्या प्रवाशास ७० किलो, शयनयानाच्या प्रवाशास ४० किलो आणि साध्या दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशास ३५ किलो सामान मोफत नेतां येतें. वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा घेऊन निघणाऱ्या कुटुंबास खरी गरज अधिक. पण सवलत अधिक मिळते ती अंगावरच्या कपड्यांनिशीं निघून मुक्कामावर सारें विकत घेऊं शकणारास. असो.

थोडक्या सामानानिशीं प्रवास करण्याची हौस कांहीं आजची नव्हे. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राची बातमीदार नेली ब्लाय ही १४ नोव्हेंबर १८८९ रोजीं पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली, तेव्हां तिच्याबरोबर एकच लहानशी हातपिशवी होती. अंगावर एक पोशाख, त्यावर लांब कोट, आणि पिशवींत लिहिण्याचें साहित्य, सुईदोरा, आंतले कपडे असें किडुकमिडुक. त्या पिशवींत सर्वांत अधिक जागा अडविली ती चेहऱ्यास लावावयाच्या मलमाच्या एका बरणीनें, आणि तिनें वाटभर त्रास दिला, असें त्या बाईनें पुढें स्वतःच लिहून ठेविलें आहे. ती ७२ दिवसांत परत आली. तिच्याशीं शर्यत लावून उलट दिशेनें निघालेल्या एलिझाबेथ बिस्लंड या बाईंनीं मोठी पेटीही बरोबर घेतली होती. त्यांस चार दिवस अधिक लागले. पण त्याचा दोष पेटीकडे जात नाहीं. वाटेंत वेगवान बोट हुकली हें त्याचें कारण. लोकांच्या लक्षांत मात्र राहिली ती नेलीची हातपिशवी. हलकें सामान म्हणजे चपळाई, स्वावलंबन, आधुनिकता, असा जो एक समज पाश्चात्त्य देशांत रुजला, त्यास या बाईच्या कीर्तीनें पुष्कळ खतपाणी घातलें.

विमानें आलीं आणि वजनाचा प्रश्न शिष्टाचाराचा न राहतां जिवाचा झाला. इ. स. १९१४ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत सेंट पीटर्सबर्ग ते टँपा अशी उपसागरावरून जाणारी विमानसेवा सुरू झाली. ठराविक वेळापत्रकानें चालणारी जगांतील पहिली विमानसेवा ती हीच. पाण्यावर उतरणारें छोटें विमान, वैमानिक टोनी जॅनस, आणि एका वेळीं एकच प्रवासी. पहिल्या फेरीच्या जागेचा लिलाव झाला, आणि ती त्या गांवच्या एका माजी नगराध्यक्षांनीं ४०० डॉलर मोजून घेतली. प्रवास २३ मिनिटांचा झाला. पुढें भाडें पांच डॉलर ठरलें; पण अट अशी कीं, प्रवासी आणि त्याचें हातांतलें सामान मिळून वजन २०० पौंडांहून अधिक भरतां कामा नये. अधिक भरल्यास दर शंभर पौंडांस आणखी पांच डॉलर. या हिशेबांत रोड माणसाची जड पेटी आणि जाड्या माणसाची रिकामी पिशवी यांस एकच न्याय होता. तराजू माणूस आणि ओझें असा भेद जाणत नाहीं. विमानही जाणत नाहीं. पुढें २०१३ मध्यें सामोआ बेटांतील एका लहानशा विमान कंपनीनें प्रवाशाचें व सामानाचें एकत्र वजन करून किलोवर भाडें आकारण्यास आरंभ केला, तेव्हां जगभर हशा पिकला. पण ती चाल वैमानिकी धंद्याच्या पाळण्यांतलीच होती.

इंग्लंडच्या इंपीरियल एअरवेज कंपनीच्या काळांतही प्रवाशास सामानाबरोबर तराजूवर चढावें लागे. याच कंपनीनें ३० मार्च १९२९ रोजीं लंडन ते कराची मार्ग खुला केला. कराचीहून पुढें मुंबईकडे हवाई टपाल आणण्याचें काम जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सुरू केलें. जुहूच्या मैदानावर उतरलेल्या त्या पस मॉथ विमानांत अवघें २५ किलो टपाल होतें. आज एक सामान्य प्रवासी परदेशीं जातांना जेवढी एक पेटी नेतो, तेवढेंच तें ओझें!

१९२९ सालींच वॉर्सा येथें आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचा करार झाला. त्यांत सामानाचे दोन भाग पाडलेले आहेत. कंपनीच्या ताब्यांत दिलेलें सामान हा एक. त्याची पावती कंपनीनें द्यावयाची, आणि तें हरवल्यास दर किलोस २५० फ्रँकांपर्यंत भरपाई करावयाची. प्रवाशानें स्वतःजवळ बाळगलेल्या लहानसहान वस्तू हा दुसरा. त्यांस पावती नाहीं. पेटी पोटांत आणि पिशवी हातांत, ही जी विभागणी आपण विमानतळावर पाहतों, ती तेव्हांपासून कायद्याच्या भाषेंत आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमान कंपन्यांच्या संघानें ठरविलेली जी पद्धत अनेक दशकें चालली, ती साधी होती. साध्या वर्गास २० किलो, पहिल्या वर्गास ३० किलो मोफत. त्यापुढें दर किलोस पहिल्या वर्गाच्या भाड्याचा शंभरावा भाग. म्हणजे जास्तीच्या वजनास दाम मोजणें नवें नाहीं. तें विमानाइतकेंच जुनें आहे. नवें आहे तें निराळेंच. पहिल्या किलोपासूनच पैसे, हें नवें.

तें कसें घडलें? अमेरिकेंत २४ ऑक्टोबर १९७८ रोजीं राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीं विमानधंद्यावरील सरकारी नियंत्रण उठविणाऱ्या कायद्यावर सही केली. भाडें किती घ्यावें हें ठरविण्याची मुभा कंपन्यांस मिळाली, चढाओढ लागली, आणि तिकिटें स्वस्त झालीं. स्वस्त तिकिटाच्या धंद्यांत जेवण, जागेची निवड, सामान, एकेक गोष्ट तिकिटांतून सुटी करून वेगळी विकण्याची कल्पना पुढें आली. युरोपांत २००६ मध्यें स्वस्त भाड्याच्या कंपन्यांनीं पेटीस पैसे घेण्यास सुरुवात केली. अमेरिकेंत २००८ सालीं खनिज तेलाचा भाव भडकला. जुलैंत तो पिंपास १४७ डॉलरांपर्यंत चढला. त्याच उन्हाळ्यांत अमेरिकन एअरलाइन्सनें पहिल्या पेटीस १५ डॉलर लावले, आणि बाकीच्या मोठ्या कंपन्या एकामागून एक त्याच वाटेनें गेल्या. कारण तेलाचें सांगण्यांत आलें. वर्ष संपतां संपतां तेल चाळीस डॉलरांच्या आसपास उतरलें. शुल्क मात्र उतरलें नाहीं. उतरणार तरी कसें? अमेरिकन कंपन्यांस सामानापासून २००७ मध्यें ४६ कोटी डॉलर मिळाले होते. २००९ मध्यें २७० कोटींच्या वर मिळाले, आणि २०२३ मध्यें ७०० कोटींच्या वर. शिवाय तिकिटाच्या दरावर तेथें साडेसात टक्के सरकारी कर आहे. सामानाच्या शुल्कावर तो नाहीं. तेव्हां तोच डॉलर तिकिटांतून न घेतां पेटींतून घेतला तर कंपनीस तो पुरा मिळतो. ही मेख फार थोड्या प्रवाशांस ठाऊक असते.

लोकांनीं काय केलें? त्यांनीं पेटी पोटांतून काढून हातांत घेतली. त्याची सोय आधींच झालेली होती. पेटीस चाकें लावण्याची कल्पना बर्नार्ड सॅडो यांनीं काढून १९७२ मध्यें तिचें पेटंट मिळविलें, आणि १९८७ मध्यें रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकानें पेटी उभी करून लांब दांड्यानें ओढण्याची युक्ति शोधली. ही पेटी घेऊन सारेच आंत शिरूं लागले; डोक्यावरचे कप्पे भरले; शेवटीं आलेल्यांच्या पेट्या दारांतच काढून घेऊन विमानाच्या पोटांत, तेंही फुकट, टाकाव्या लागल्या. ज्यानें मुकाट्यानें अगोदर पैसे भरले तो मूर्ख ठरला. मग २०१० मध्यें स्पिरिट नांवाच्या कंपनीनें कप्प्यांतल्या पेटीसही पैसे लावले. स्वस्त तिकिटापेक्षां सामानाचें शुल्क अधिक, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असे प्रसंग तेव्हांपासून वारंवार येऊं लागले.

युरोपीय संघाच्या न्यायालयानें १८ सप्टेंबर २०१४ रोजीं दिलेला निकाल या संदर्भांत फार महत्त्वाचा आहे. स्पेनमधील एका प्रवाशाच्या तक्रारीवरून तो खटला उभा राहिला होता. न्यायालयानें सांगितलें कीं, कंपनीकडे सोपविलेल्या पेटीस वेगळें मोल घेण्यास हरकत नाहीं. परंतु वाजवी वजनाचें व आकाराचें हातांतलें सामान हा प्रवासाचा आवश्यक भाग होय, त्यास वेगळें मोल लावतां येत नाहीं. १८४४ च्या कायद्यांतील तत्त्व १७० वर्षांनीं पुन्हा उच्चारलें गेलें. फरक इतकाच कीं, ५६ पौंडांच्या बोचक्याचें आतां हातपिशवीएवढें झालें. आणि ‘वाजवी’ म्हणजे किती, हा वाद राहिलाच. २०२४ च्या नोव्हेंबरांत स्पेनच्या सरकारनें हातसामानाच्या शुल्कासह इतर गैरप्रकारांबद्दल पांच कंपन्यांस मिळून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोठावला. कंपन्यांनीं तो मान्य केला नाहीं.

थोडक्या सामानानिशीं हिंडणारे लोक या शुल्कांकडे बहुधा शांतपणें पाहतात. दोन सदरे, एक विजार, आणि राहिलेलें तेथें विकत घेतां येतें, असा त्यांचा हिशेब असतो. इतरांच्या पेट्यांचा भार आपण कां सोसावा, असेंही ते विचारतात, आणि तें विचारणें अगदींच गैर नाहीं. जड विमानास तेल अधिक लागतें हें खरेंच आहे. परंतु हलकें सामान नेतां येणें ही बरीचशी सुस्थितीची खूण असते. दोन दिवसांच्या कामास जाणाऱ्याची पिशवी हलकी असते. दोन वर्षांकरितां जाणाऱ्याची नसते. आणि पुष्कळांच्या पेटींतलें ओझें त्यांचें स्वतःचें नसतेंच. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमींतून घरीं परतले ते गंगेची कावड घेऊन परतले. ती आईबापांसाठीं होती.

अमेरिकेनें १९६५ मध्यें आपला वसाहतीचा कायदा बदलल्यानंतर महाराष्ट्रांतून जे विद्यार्थी आणि अभियंते तिकडे गेले, त्यांच्याजवळ परदेशी चलन अवघ्या कांहीं डॉलरांचें असे. उणीव भरून काढावयाची ती पेटीनें. कुकर, पोळपाट-लाटणें, मेतकूट, गोडा मसाला, घरचें लोणचें, एखादी देवाची मूर्ति, आणि शिवाय तेथें आधीं गेलेल्या कोणाच्या मुलासाठीं दिलेला लाडवांचा डबा. एके काळीं अमेरिकेच्या प्रवासास ३२ किलोच्या दोन पेट्या मोफत नेतां येत. पुढें त्या २३ किलोंवर आल्या, आणि आतां कांहीं स्वस्त तिकिटांवर एकच पेटी मिळते. हातपिशवींतून लोणचें न्यावें तर २००६ पासून द्रवपदार्थांवर शंभर मिलिलिटरांची मर्यादा आहे. तेलांत मुरलेली फोड द्रव मानावी कीं घन, याचा निर्णय तपासणीच्या टेबलावरचा शिपाई करतो.

म्हणून निघण्याच्या आदल्या रात्रीं घरोघरीं तोच देखावा दिसतो. हातांत धरावयाच्या काट्यास पेटी लटकविलेली; आंकडा चोवीस दाखवितो; मेतकुटाची पुडी निघते, पुस्तक निघतें, पुडी पुन्हा आंत जाते. विमानतळाच्या इमारतींत नातेवाइकांस प्रवेश नसतो. पण निरोप देऊन झाल्यावरही ते लगेच परतत नाहींत. सामान स्वीकारलें गेल्याचा फोन येईपर्यंत ते दाराशीं उभे असतात. कारण पेटी जास्त भरली, तर आंतून कांहीं बाहेर द्यावें लागेल, आणि तें घ्यावयास तेथें कोणी असावें लागतें.