गाडीतल्या टेपचा उजेड गेलाय? नवा सेट घेण्याआधी हे तपासा

गेल्या दिवाळीत गावी जाताना घाटात अंधार पडला आणि बाबांनी सवयीने टेपकडे हात नेला. गाणं चालू होतं, पण टेपचा चेहरा पूर्ण काळा. आवाज कमी करायचं बटण कुठलं आणि कॅसेट बाहेर काढायचं कुठलं, काहीच दिसेना. शोधता शोधता बाबांची नजर रस्त्यावरून खाली गेली आणि शेजारच्या सीटवरून मी ओरडले, "बाबा, समोर बघा!"

दुसऱ्या दिवशी आम्ही ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. दुकानदाराने टेप उघडूनही पाहिला नाही. "काका, हा सेट गेला. याचं आता काही मिळत नाही. नवा टचस्क्रीन बसवून टाका."

पण टेप वाजत होता! आणि नव्या सेटमध्ये कॅसेट घालायला जागाच नसते. बाबांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात अजूनही डझनभर कॅसेट आहेत. शेवटी सेट बाहेर काढून उघडला, तेव्हा आत सापडला गव्हाच्या दाण्याएवढा एक बल्ब. काच काळी पडलेली, आतली तार तुटलेली. बिघाड एवढाच होता.

तुमच्या जुन्या गाडीतही असं झालं असेल, तर सेट भंगारात देण्याआधी हे वाचा.

टेपमध्ये बल्ब असतो तरी कुठे?

जुन्या कार टेपच्या किंवा सीडी प्लेयरच्या छोट्या पडद्यावर जे काळे आकडे दिसतात, तो एलसीडी डिस्प्ले असतो. एलसीडी स्वतः उजेड देत नाही, फक्त मागून येणारा उजेड अडवतो किंवा सोडतो. म्हणून त्याच्या मागे किंवा बाजूला एक-दोन छोटे बल्ब बसवलेले असतात. त्यांचा उजेड पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीतून पडद्यावर आणि बटणांवर पसरतो.

तो उजेड हिरवा किंवा केशरी दिसतो, पण अनेकदा आतला बल्ब साधाच असतो. त्याच्यावर रंगीत रबराची टोपी चढवलेली असते, रंग त्या टोपीचा असतो. बल्ब बदलताना ही टोपी फेकू नका.

काही सेटमध्ये मात्र आकडे स्वतःच निळसर-हिरवे चमकतात. त्यात वेगळ्या प्रकारचा डिस्प्ले असतो. तो मंद झाला तर दोष बल्बचा नसतो आणि बल्ब बदलून तो सुधारत नाही. बटणांमागचे बल्ब मात्र अशा सेटमध्येही बदलता येतात.

बल्ब जातो कशामुळे?

या बल्बमध्ये टंगस्टनची अतिशय बारीक तार असते. ती तापून पांढरी झाली की उजेड पडतो. पण तापलेल्या तारेतून टंगस्टनचे कण हळूहळू उडत राहतात आणि काचेवर आतून बसतात. म्हणून जुन्या बल्बची काच काळपट दिसते. तार जिथे सगळ्यात बारीक होते तिथे ती जास्त तापते आणि एक दिवस तिथेच तुटते.

गाडीच्या बॅटरीला आपण १२ व्होल्टची म्हणतो, पण इंजिन चालू असताना अल्टरनेटर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट देतो. बल्बला हा फरक फार जाणवतो. व्होल्टेज फक्त ५ टक्क्यांनी वाढलं तरी त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणून बदलताना १२ नाही, १४ व्होल्टचा बल्ब मिळाला तर तोच घ्या.

सेट न उघडता करायच्या तीन तपासण्या

१. मोबाइलचा टॉर्च. अंधारात सेट चालू करा आणि पडद्यावर तिरका टॉर्च मारा. स्टेशनचा आकडा किंवा वेळ पुसटशी दिसली, तर डिस्प्ले शाबूत आहे, फक्त मागचा उजेड गेलाय. अर्धाच पडदा उजळत असेल, तर दोनपैकी एक बल्ब गेल्याची ती खूण आहे.

२. पार्किंग लाइट. पार्किंग लाइट लावा, गाडीतून उतरा आणि मागे जाऊन बघा. ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची आहे. अनेक गाड्यांमध्ये डॅशबोर्डचे दिवे आणि मागचे लाल दिवे एकाच फ्यूजवर असतात. टेपसोबत स्पीडोमीटर आणि एसीच्या बटणांचा उजेडही गेला असेल, तर मागचे दिवेही बंद असू शकतात. आत बसलेल्याला ते कळत नाही आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमची गाडी दिसत नाही. फ्यूज उडाला असेल, तर तेवढ्याच ॲम्पिअरचा नवा टाका. जास्त ॲम्पिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावला, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळेल.

३. डिमर. डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायचं चाक अनेक गाड्यांमध्ये असतं. गाडी पुसताना ते फिरलं की सगळं अंधारात जातं. आधी ते फिरवून बघा.

सेट बाहेरून बसवलेला असेल, तर आणखी एक शक्यता असते. अशा सेटच्या वायरींचे रंग साधारण ठरलेले असतात. पिवळी थेट बॅटरीची, लाल चावी फिरवल्यावर सुरू होणारी, काळी अर्थिंगची आणि केशरी दिव्यांची. ज्या सेटला केशरी वायर असते, त्यात पार्किंग लाइट लावल्याचं सेटला तिच्यातूनच कळतं. बसवणाऱ्याने ती जोडलीच नसेल, तर काही सेटमध्ये बल्ब चांगला असूनही बटणं उजळत नाहीत.

सेट बाहेर कसा काढायचा?

आधी कॅसेट किंवा सीडी बाहेर काढा. सेटला चोरीपासून बचावासाठी कोड असेल, तर तो हाताशी आहे ना हे बघा. बॅटरी काढली की असा सेट पुन्हा सुरू होताना कोड मागतो आणि कोड नसेल तर चांगला सेट मुका होऊन बसतो. कोड बहुतेकदा गाडीच्या कागदपत्रांसोबतच्या कार्डावर असतो.

मग चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर काढा. गाडीला एअरबॅग असतील तर काही मिनिटं थांबा आणि डॅशबोर्डमधल्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका. ते सहसा एअरबॅगचे असतात.

साधा सेट पुढून सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असतो. मोठा सेट तेवढाच रुंद, पण दुप्पट उंच. सेटच्या पुढच्या कडेला दोन्ही बाजूंना बारीक भोकं किंवा फटी असतील, तर त्यात धातूच्या खास चाव्या घालून सेट ओढायचा असतो. त्या नसतील, तर भोवतीची प्लास्टिकची चौकट काढली की आत स्क्रू दिसतात. चौकट काढायला स्क्रूड्रायव्हर वापरला तर ओरखडे नक्की पडतात, प्लास्टिकची पट्टी वापरा.

सेट सरकला की जोरात ओढू नका. मागे अँटेनाची जाड वायर आणि कनेक्टर असतात. ते काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

नेमका कोणता बल्ब लागतो?

सेटचं पुढचं पॅनल काढल्यावर दोनपैकी एक प्रकार दिसतो.

पहिला, पिळून बसवायचा. बल्ब प्लास्टिकच्या छोट्या बुडात असतो, स्क्रूड्रायव्हरने थोडा फिरवला की निघतो. यात टी ३, टी ४.२, टी ५ अशी मापं असतात. हा आकडा साधारणपणे काचेचा मिलिमीटरमधला व्यास असतो.

दुसरा, वायरीचा. यात बल्बच्या दोन बारीक तारा थेट सर्किट बोर्डावर सोल्डर केलेल्या असतात. आमच्या टेपमध्ये हाच निघाला.

दोन्ही प्रकारांत जुना बल्ब सोबत घेऊन दुकानात जा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली किंवा तुमच्या गावातलं इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचं दुकान. व्होल्टेजसोबत करंटही जुळायला हवा. ६० मिलिॲम्पिअरच्या जागी दुप्पट करंटचा बल्ब बसवला, तर उजेड वाढेल, पण उष्णताही वाढेल आणि समोरचं प्लास्टिक पिवळं पडेल किंवा वितळेल.

सेट उघडलाच आहे तर सगळेच बल्ब बदला. ते एकाच दिवशी बसवलेले असतात, म्हणजे राहिलेलाही फार दिवस टिकणार नाही.

बल्बच लावायचा की एलईडी?

निळी, तेजस्वी एलईडी जपानच्या शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली बाजारात आणण्याजोगी केली. निळ्या एलईडीच्या शोधासाठी त्यांना इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासह २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पांढरी एलईडी त्यानंतरच शक्य झाली. त्याआधीच्या सेटमध्ये पांढऱ्या उजेडासाठी सहसा साधे बल्बच असत.

आज एलईडी लावता येते. ती जास्त टिकते आणि कमी तापते. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, एलईडीला प्लस-मायनस असतं. बल्ब कसाही लावला तरी चालतो, एलईडी उलटी लागली तर पेटत नाही.

दोन, सुटी पांढरी एलईडी सुमारे ३ व्होल्टवर चालते. ती थेट १४ व्होल्टवर जोडली तर लगेच जळेल, म्हणून सोबत रेझिस्टर लागतो. गणित सोपं आहे. उरलेले ११ व्होल्ट रेझिस्टरवर पडले पाहिजेत. १ किलोओहमचा रेझिस्टर लावला तर ११ मिलिॲम्पिअर करंट जातो आणि टेपच्या उजेडाला तेवढा पुरतो. पाव वॉटचा रेझिस्टर चालतो. पिळून बसवायच्या तयार १२ व्होल्टच्या एलईडीत ही सोय आधीच केलेली असते.

तीन, बल्बचा उजेड चहूबाजूंना पसरतो, एलईडीचा सहसा समोर. त्यामुळे पडद्याच्या मधोमध झगझगीत ठिपका आणि कडांना अंधार असं होऊ शकतं. जुन्यासारखाच मऊ, सारखा उजेड हवा असेल तर बल्बच लावा.

घरी करावं की कारागिराकडे द्यावं?

पिळून बसवायचा बल्ब असेल, तर थोडा संयम असलेला कुणीही बदलू शकतो. सोल्डरिंग कधी केलं नसेल, तर बोर्डावर पहिला प्रयोग करू नका. जास्त वेळ तापवलं की बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते आणि छोटं काम मोठं होतं. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नुसता सेट घेऊन जा, त्यांच्यासाठी हे काही मिनिटांचं काम आहे. काही जुन्या, मोठ्या पडद्याच्या सेटमध्ये उजेडासाठी बारीक ट्यूब असते आणि ती शेकडो व्होल्टवर चालते. असा सेट घरी उघडूच नका.

आणि शेवटचं. सगळे स्क्रू आवळण्याआधी सेट गाडीला जोडून, पार्किंग लाइट लावून उजेड बघा. आम्ही ते न करता सगळं बंद केलं, मग कळलं की हिरवी टोपी टेबलावरच राहिली. पुन्हा उघडावं लागलं.

परतीच्या प्रवासात घाट लागला तेव्हा पुन्हा अंधार पडला होता. बाबांनी हात नेला, हिरव्या उजेडात बटण नुसत्या ओझरत्या नजरेने सापडलं आणि कॅसेटची बाजू बदलली. डोळे रस्त्यावरच होते.